कुत्रे धरणाऱ्या हातांचे काय?

कुत्र्यालाही कॅन्सर होतो आणि त्याच्यावर माणसांच्या कॅन्सरचीच औषधे चालवली जातात, ही गोष्ट आपल्या बऱ्याच घरांना अजून ठाऊक नाही. पण त्या औषधाच्या सुईपासून वीतभर अंतरावर जो हात कुत्र्याचा पाय दाबून धरतो आणि नंतर जो हात पिंजऱ्यातले मूत पुसतो, तो पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. कुणी जनावरांच्या दवाखान्यात 'हेल्पर' आहे, कुणी निर्बीजीकरण केंद्राच्या गाडीवर आहे, कुणी तिथे लादी पुसते. म्हणून हा विषय या पानावर.

आधी आजार सांगते. भटक्या कुत्र्यांच्या गुप्तांगावर फुलकोबीसारखी लाल, रक्त गळणारी गाठ आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेली आहे. डॉक्टर तिला 'टीव्हीटी' म्हणतात. हा चमत्कारिक कॅन्सर आहे. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी समागमाच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर पडतात आणि तिथे रुजतात. चाटण्यातून, हुंगण्यातून नाकातोंडावरही रुजतात. माणसाला हा आजार होत नाही, एवढे नीट लक्षात ठेवा. त्या कुत्र्याला दगड मारायचे काहीच कारण नाही. जिथे मोकाट कुत्री जास्त, तिथे हा आजार जास्त. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, सगळीकडे तो आहे. निर्बीजीकरणासाठी पकडून आणलेल्या कुत्र्यांत तो वरचेवर सापडतो.

त्यावरचे औषध व्हिन्क्रिस्टीन. आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचे, साधारण चार ते सहा वेळा. बहुतेक कुत्र्यांची गाठ विरघळून जाते. कॅन्सरच्या औषधांना असे यश क्वचितच मिळते. म्हणूनच हे औषध आता मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यापुरते राहिलेले नाही. नाक्यावरच्या एका गाळ्यातल्या दवाखान्यातही ते मिळते, संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्येही मिळते. उपचार चांगला आहे, तो झालाच पाहिजे. माझे भांडण उपचाराशी नाही.

व्हिन्क्रिस्टीन येते कुठून, तर सदाफुलीतून. तेलाच्या रिकाम्या डब्यात, मोडक्या बादलीत आपण दारात लावतो तीच गुलाबी-पांढरी सदाफुली. तिच्या पानांतून हे द्रव्य काढतात. झाडाला हात लावल्याने काही होत नाही. मात्र साखर उतरते म्हणून तिची पाने चावून खाणारे काही लोक वस्तीत आहेत, त्यांनी ते बंद करावे. पानात हे द्रव्य अगदी किंचित असते. कुपीत ते शुद्ध होऊन येते. काम त्याचे एकच, पेशीला दुभागू न देणे. कॅन्सरची पेशी भराभर दुभागते म्हणून ती आधी मरते. पण केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात आणि आईच्या पोटातल्या गर्भातही पेशी भराभर दुभागत असतात. ही पेशी शत्रूची आणि ही घरची, असे औषधाला कळत नाही. ज्या कुत्र्याला कॅन्सर आहे त्याला या सौद्यात काही मिळते. त्याचा पाय धरणाऱ्याला कॅन्सर नाही. त्याच्या वाट्याला फक्त तोटा आहे.

व्हिन्क्रिस्टीन एकटे नाही. पाळीव कुत्र्या-मांजरांना रक्ताचा, गाठींचा कॅन्सर झाला तर सायक्लोफॉस्फामाइड, लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन, लोमस्टिनच्या कॅप्सूल, क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या अशी औषधे देतात. यातली काही औषधे पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड गॅसच्या जवळच्या कुळातली आहेत. सायक्लोफॉस्फामाइड आणि क्लोरॅम्ब्युसिल यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. कॅन्सर बरा करणारे औषध निरोगी माणसात कॅन्सर निर्माण करू शकते, हे ऐकायला उलटे वाटते. पण पेशीच्या गाभ्यावर घाव घालणाऱ्या वस्तूचा स्वभावच तसा आहे.

मी माणसांच्या इस्पितळात कॅन्सरच्या वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली. तिथेही सगळे आलबेल नव्हते. बेडपॅन उचलणाऱ्या मावशींना हातमोजे मागून घ्यावे लागत. पण निदान एवढे तरी होते, की औषध कालवायची खोली वेगळी होती, काचेचे कपाट होते, पिवळ्या पिशव्या होत्या आणि 'हे साधे सलाईन नाही' हे खालपासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत होते. नंतर वस्तीतल्या एका मुलाने मला त्याच्या नोकरीबद्दल सांगितले, तेव्हा मी गप्पच झाले. तो कुत्र्या-मांजरांच्या एका दवाखान्यात तीन वर्षे होता. दर बुधवारी 'गाठीवाली कुत्री' येत. त्याचे काम धरण्याचे. औषधाचे नाव त्याला माहीत नव्हते. 'गाठीचे इंजेक्शन' एवढेच माहीत होते. हातमोजे? 'ते डॉक्टरसाठी असतात, मावशी.'

आता हे औषध कुपीतून माणसाच्या अंगावर कसे येते ते बघू. हीच गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगणार आहे.

व्हिन्क्रिस्टीनची कुपी बहुधा एक मिलिग्रॅमची, म्हणजे एक मिलिलिटर पाण्यासारखे औषध. वीस किलोच्या कुत्र्याला लागते साधारण अर्धे मिलिग्रॅम. उरलेली अर्धी कुपी फेकवत नाही. ती रबरी बुचाला भोक पडलेल्या अवस्थेतच फ्रिजमध्ये पुढच्या कुत्र्यासाठी राहते. त्याच फ्रिजमध्ये लसी असतात, पाण्याची बाटली असते आणि उन्हाळ्यात कामगाराचा जेवणाचा डबाही असतो. कुपीच्या बाहेरच्या अंगाला औषधाचा थेंब वाळलेला असू शकतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो.

औषध ओढताना सिरिंजमध्ये हवा येते. सुई वर धरून ती हवा बाहेर काढायची सवय सगळ्यांना आहे. हवेबरोबर औषधाचा बारीक फवारा उडतो. तो डॉक्टरच्या तोंडावर जातो, तसा शेजारी उभ्या असलेल्याच्याही. यात डॉक्टरही सुरक्षित नाही, हे मुद्दाम सांगते. कित्येक तरुण पशुवैद्य मुलीसुद्धा उघड्या हातांनी हे काम करतात, कारण त्यांनाही कुणी बजावून सांगितलेले नसते.

मग टोचणे. माणूस हात पुढे करून गप्प बसतो. रस्त्यावरचे कुत्रे बसत नाही. ते घाबरलेले असते, तोंडाला फीत बांधलेली असते, त्याला ओळखीचे कुणी नसते. ते हिसका देते आणि सुई शिरेतून निसटते. औषध कुत्र्याच्या कातडीखाली गेले तर तिथले मांस सडते, म्हणून डॉक्टरचे सगळे लक्ष कुत्र्याच्या पायाकडे जाते. थोडे औषध धरणाऱ्याच्या मनगटावर सांडलेले असते. ते तो पँटीला पुसतो. कधी तीच सुई त्याच्या बोटात जाते. आधी कॅन्युला लावून ती शिरेत पक्की केली आणि मग औषध दिले, तर यातला अर्धा धोका तिथेच संपतो. पण कॅन्युलाचे पैसे लागतात, वेळ लागतो आणि बाहेर वीस कुत्री थांबलेली असतात.

यानंतरचा भाग सगळ्यांत दुर्लक्षित आहे. टोचलेले औषध कुत्र्याच्या अंगात विरून जात नाही. त्याचा काही भाग लघवीतून, विष्ठेतून, ओकारीतून बाहेर येतो. केमोथेरपी दिलेल्या कुत्र्यांची लघवी तपासणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिन्क्रिस्टीन तीन दिवसांपर्यंत आणि डॉक्सोरुबिसिन एकवीस दिवसांपर्यंत लघवीत सापडले. आता आपले पिंजरे कसे धुतले जातात ते आठवा. पाईप लावायचा, पाण्याचा जोरदार मारा करायचा, सगळे मोरीकडे ढकलायचे. पाण्याच्या त्या माऱ्याने वाळलेल्या लघवीचे बारीक तुषार उडतात आणि धुणाऱ्या बाईच्या श्वासात, डोळ्यांत, साडीच्या पदरावर बसतात. ती साडी घरी येते आणि लेकराच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजते.

शेवटी कचरा. सिरिंज, कापूस, रिकामी कुपी एकाच काळ्या पिशवीत जाते आणि सकाळी पालिकेच्या गाडीवर. पुढे ती पिशवी ज्याच्या हातांनी फुटते तो सफाई कामगार किंवा भंगार वेचणारी बाईही आपलीच असते.

कुणी म्हणेल, अशा थेंबाथेंबाने काय होते? हा प्रश्न माणसांच्या इस्पितळांत पन्नास वर्षांपूर्वीच विचारून झाला. १९७९ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की कॅन्सरची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींचा गाभा बिघडवणारे गुण सापडतात. त्या परिचारिकांना आजार नव्हता, त्यांनी औषध घेतलेले नव्हते. त्या फक्त ते देत होत्या. १९८५ साली फिनलंडमधूनच दुसरा अभ्यास आला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ही औषधे हाताळलेल्या परिचारिकांत गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसले. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने, जिला 'नायोश' म्हणतात, २००४ साली याबाबत मोठा इशारा काढला. त्यात डॉक्टर, नर्स, औषधे कालवणारे यांच्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यातले कामगारही स्पष्टपणे धरलेले आहेत. म्हणजे जगाला हे माहीत नाही असे नाही. नाक्यावरच्या गाळ्यापर्यंत ते पोचलेले नाही, एवढेच.

भीती घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. एकदा थेंब उडाला म्हणून कुणाला कॅन्सर होत नाही. जनावरांच्या दवाखान्यात औषधाची मात्रा माणसांच्या वॉर्डापेक्षा कमी असते, हेही खरे. खुद्द व्हिन्क्रिस्टीन माणसात कॅन्सर निर्माण करते असे सिद्ध झालेले नाही. गर्भाला मात्र ते घातक आहे. प्रश्न एका थेंबाचा नाही. तो दर बुधवारचा आहे, वर्षानुवर्षांचा आहे. लागोपाठ डोके दुखणे, मळमळणे, हातांवर पुरळ उठणे, पाळी बिघडणे, गर्भ न टिकणे या तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात जाते, तेव्हा 'तू काम काय करतेस' हे तिला कुणी विचारत नाही. विचारले तरी ती 'झाडूपोछा' म्हणून सांगते. औषधाचे नावच तिला माहीत नसेल तर ती सांगणार काय?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हातमोजे न मिळणे ही दुसरी गोष्ट झाली. पहिली गोष्ट, औषधाचे नाव न सांगणे. ज्याला कामगार मानले जाते त्याला सांगावे लागते. ज्याला नुसता हात मानले जाते त्याला 'धर' म्हटले की पुरते. कुत्रे चावेल म्हणून रेबीजच्या सुया देतात, कारण चावा दिसतो आणि त्याचा बोभाटा होतो. हे दिसत नाही म्हणून त्याचा हिशेबच नाही. आणि जनावर, त्याचे मूत, त्याची घाण म्हटले की ती कुणी उचलायची हे आपल्या समाजात न बोलता ठरलेले असते. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून टाकले, ते त्या कामामागच्या लाचारीसाठी. आजची नोकरी पगाराची आहे, शहरातली आहे, ती सोडा असे मी म्हणणार नाही. पण 'ही घाण तुमच्यासाठीच' हा जुना हिशेब नव्या दवाखान्याच्या चकचकीत लादीवरही चालू राहिला, तर त्याला आपण ओळखले पाहिजे.

मालकांची उत्तरे मला पाठ आहेत. एक, 'एवढेसे तर औषध असते.' दोन, 'खर्च परवडत नाही.' तीन, आणि हे जरा हळू आवाजात, 'सांगितले तर पोरं पळून जातील.' पहिल्याचे उत्तर वर आले. दुसऱ्याबद्दल एवढेच, की काचेचे कपाट आणि बंद नळीची महागडी यंत्रणा छोट्या दवाखान्याला परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण जाड नायट्राइलच्या हातमोज्यांचे दोन जोड, लांब बाह्यांचा पुढून बंद असलेला गाऊन, डोळ्यांवर चष्मा, सुई फिरवून घट्ट बसणारी सिरिंज, खाली अंथरायला प्लॅस्टिकची पाठ असलेला शोषक कागद आणि जेवणासाठी वेगळी जागा, याला काही लाखो रुपये लागत नाहीत. पाळीव कुत्र्याचा मालक हजारोंचे बिल भरतो, त्यात हातमोजे बसू शकतात. आणि संस्थांना देणगी देणारे प्राणिप्रेमी तर मनाने कळवळ्याचे लोक आहेत. त्यांनी देणगी देताना, 'कुत्रे कोण धरते, त्याच्या हातात काय असते?' एवढे एकदा विचारावे. प्राण्यावरची करुणा पिंजऱ्याच्या दाराशी संपत नसते. तिसऱ्या उत्तराला मी उत्तर देणार नाही. जी गोष्ट सांगितल्यावर माणूस पळेल असे तुम्हाला वाटते, ती त्याच्यापासून लपवून त्याच्याकडून काम करून घेणे याला काय म्हणतात ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

कायदा आहे का? आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत. त्यात या औषधांना 'सायटोटॉक्सिक' म्हणतात, म्हणजे पेशींना विषारी. असे औषध लागलेला कचरा तशी खूण केलेल्या पिवळ्या पिशवीत वेगळा ठेवायचा आणि तो बाराशे अंश सेल्सिअसहून जास्त तापमानाच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवायचा किंवा औषध पुरवणाऱ्याला परत करायचा. दवाखान्याच्या मागे उघड्यावर जाळायचा नाही, काळ्या पिशवीत घालायचा नाही. त्याच नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या कामगारांना संरक्षक साधने द्यावीत, प्रशिक्षण द्यावे, कावीळ बी आणि धनुर्वाताच्या लसी द्याव्यात, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा त्यांची आरोग्य तपासणी करावी, असे सांगितलेले आहे. अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. तक्रार तिथे करता येते. एकट्याने केली तर नोकरी जाते, म्हणून वस्तीतल्या मंडळाच्या किंवा संघटनेच्या नावाने करावी. ईएसआयच्या कार्डाचे मात्र अवघड आहे. त्याला साधारण दहा कामगारांची अट असते आणि छोट्या दवाखान्यात तीन-चारच माणसे असतात. कायद्याच्या या फटीतून आपली किती माणसे खाली पडतात, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

गरोदर बाईबद्दल वेगळे सांगते. दिवस गेलेत असा नुसता संशय असला, मूल अंगावर पीत असले किंवा मूल व्हावे म्हणून प्रयत्न चालू असले, तरी या औषधाच्या आसपास, त्या पिंजऱ्यांच्या आसपास काम करू नये. हे पुरुषांनाही लागू आहे, मूल हवे असलेल्या पुरुषांनीही काळजी घ्यावी. खरी अडचण ही, की पहिले दोन-तीन महिने, जेव्हा धोका सर्वांत जास्त, तेव्हाच बाई कुणाला सांगत नाही. सांगितले तर 'घरी बस' म्हणतील ही भीती. म्हणून मागणी कामावरून काढण्याची नको, त्याच पगारात दुसरे काम देण्याची हवी. नोंदवही लिहा, फोन घ्या, लसीच्या रांगेला बसवा, दवाखान्यात दुसरी कामे थोडी नसतात. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. ते गिरणीतल्या बायांसाठी बोलत होते. आज त्यांच्या नाती पिंजरे धुतात.

आणि घरकाम करणाऱ्या ताई. हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तिथे तर डॉक्टरही जवळ नसतो. कॉम्प्लेक्समधल्या घरात कुत्र्याला किंवा मांजराला कॅन्सर झालेला असतो. मॅडम ऑफिसला जाताना सांगतात, 'दुपारची गोळी पेढ्यात घालून दे.' गोळी मोठी म्हणून ती सुरीने अर्धी केली जाते, किंवा वाटीत चुरली जाते. त्याच सुरीने नंतर कांदा चिरला जातो. ताई, या गोळ्या कधीही तोडायच्या नाहीत, चुरायच्या नाहीत, कॅप्सूल उघडायची नाही. तोडल्या की भुकटी उडते. हातमोजे घालूनच द्यायच्या. गर्भार असाल तर मुळीच द्यायच्या नाहीत. कुत्र्याने घरात लघवी केली तर आधी जुन्या कागदाने ती शोषून घ्या, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मग साबणाच्या पाण्याने लादी दोनदा पुसा आणि ते फडके स्वयंपाकघरात नेऊ नका. केमोनंतर निदान तीन दिवस ही काळजी घ्यायची, कोणत्या औषधासाठी किती दिवस हे मॅडमला डॉक्टरकडून विचारून घ्यायला सांगा. 'मॅडम, ही गोळी कॅन्सरची आहे का?' एवढा प्रश्न विचारायला लाजायचे कारण नाही. बहुतेक जणी वाईट नसतात, त्यांनाही माहीत नसते.

दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. औषध अंगावर उडाले तर स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. त्याने औषध मरत नाही, फक्त पसरते. साबण आणि भरपूर वाहते पाणी, दुसरे काही नाही. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि मग डॉक्टरकडे जा. सुई टोचली तर ते वहीत तारखेसह लिहून घ्यायला लावा. सांडलेले औषध झाडूने लोटू नका, कागदाने टिपा. पिंजऱ्यावर पाईप मारण्याआधी कागद किंवा भुसा टाकून ओल शोषून घ्या, मग हलक्या पाण्याने धुवा. कापडी किंवा निळा मास्क कुत्र्याचे केस अडवतो, औषधाचा फवारा पूर्ण अडवत नाही, त्यावर विसंबून राहू नका. हातमोजे काढल्यावरही हात धुवा. चहा, तंबाखू, डबा, मोबाईल, काहीही त्या टेबलाजवळ नको. तंबाखू मळणाऱ्या पोरांना हे पुन्हा सांगते, कारण तळहातावरचे सगळे ओठात जाते. कामाचे कपडे तिथेच बदला आणि घरी वेगळे, दोन पाण्यांत धुवा.

औषधाचे नाव मिळवायचे कसे, हे मला बऱ्याच जणांनी विचारले. कुपीच्या खोक्यात घडी घातलेले पातळ कागदाचे पत्रक असते, ते बहुधा कचऱ्यात जाते. ते उचलायचे, किंवा हात न लावता कुपीचा मोबाईलवर फोटो काढायचा. अक्षरे इंग्रजी आणि मुंगीएवढी असतात. रविवारी विहारात कॉलेजला जाणाऱ्या मुली येतात, त्यांना तो फोटो मोठा करून वाचायला द्या. 'सायटोटॉक्सिक' हा शब्द, किंवा व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, लोमस्टिन, क्लोरॅम्ब्युसिल यांपैकी एखादे नाव त्यात आहे का, एवढेच त्यांनी बघायचे आहे. असेल तर ते नाव एका चिठ्ठीवर मराठीत लिहून त्या कामगाराच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी तो स्वतःच्या तब्येतीसाठी डॉक्टरकडे गेला की ती चिठ्ठी आधी दाखवेल.